मान सरळ करू नका

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी अँब्युलन्सवर डॉक्टर आहे, राहते अंबरनाथला. जे डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं तेच खरं मानायचं, ही नोकरीची सवय. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले...

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे साडेतीन. बदलापूरजवळ सोनिवलीला एका नव्या बिल्डिंगच्या साइटवर गवंडी परांचीवरून पडल्याचा कॉल आला. रघुनाथ नाव, वय पन्नाशीचं. उताणा पडलेला, अर्धवट शुद्धीत. डोकं मात्र जमिनीला टेकलेलं नव्हतं, पुढे झुकलेलंच होतं.

अशा पेशंटची आधी मान धरायची, सरळ करायची, कॉलर लावून बोर्डवर पट्ट्यांनी बांधायचं. मणका मोडला असेल तर रस्त्यातल्या खड्ड्यांनी आणखी इजा होऊ नये म्हणून. शेकडो वेळा केलंय. मी डोकं दोन्ही हातांत घेतलं...

"मान सरळ करू नका, डॉक्टर. बारा वर्षं झाली, ती सरळ होतच नाही."

पेशंटच्या पायाशी एक म्हातारा उभा होता. अंगात बनियन, हातावर सुकलेलं सिमेंट. मला पहिला संशय आला तो हा ठेकेदाराचा माणूस असल्याचा. साइटवर एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, प्रकरण दाबायचं असणार.

"तुम्ही कोण?"

"याच्याबरोबरचा. मान आहे तशी ठेवा."

राग आला होता. पण हातांना जाणवलं — मान खरंच हलत नव्हती, लाकडासारखी होती. मी कॉलर बाजूला ठेवली, डोक्याखाली चादरींच्या घड्या घातल्या आणि मान होती तशीच बांधून घेतली. वर पाहिलं तर म्हातारा नव्हता.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला. जुन्या आजाराने मानेचे मणके एकमेकांना जुळून गेलेले आणि त्यातच ताजं फ्रॅक्चर. सर्जन म्हणाले, "कॉलरसाठी मान सरळ केली असतीत तर हातपाय गेले असते."

रघुनाथची बायको म्हणाली, "बारा वर्षं झाली मान धरून. साइटवर कुणाला सांगितलं नाय ओ, काम देणार नायत म्हणून."

मी ड्रायव्हर प्रकाशला त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं.

"कोण म्हातारा, मॅडम? तुम्ही एकट्याच बोलत होता. मला वाटलं, गर्दीतल्या कुणाला तरी विचारताय."

प्रकाशही ठेकेदाराला सामील असेल, असा संशय आला. मग सुपरवायझरने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ मिळवला. त्यात मी मान वर करून "तुम्ही कोण?" विचारते, तेवढंच ऐकू येतं. लोक दाटीवाटीने उभे आहेत. माझ्यासमोर मात्र एका माणसापुरती जागा रिकामी...

मनाला समजावलं, की हातांना आधी कळलं असेल, आवाज डोक्याने रचला असेल. पण मग बारा वर्षं?

तीन आठवड्यांनी रघुनाथला हॉस्पिटलात भेटायला गेले. हातपाय व्यवस्थित हलत होते. त्याला सगळं सांगितलं, म्हाताऱ्याचं वर्णनही केलं. तो कोण, हे त्याने विचारलंच नाही. हळूच म्हणाला,

"माझ्याबद्दल अजून काय बोलला?"

"काही नाही."

"नक्की?"

"नक्की. कोण होता तो?"

त्याने डोळे मिटले, मोठा श्वास सोडला. "राहू द्या, मॅडम."

त्याची बायको डबा हातात धरून दारात उभी होती. ती माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. तो माणूस कोण, हे मला आजही माहीत नाही. आणि रघुनाथ कशाला घाबरला, तेही नाही.