म्हातारीची चूल

दुष्काळ सरल्यानंतरच्या नवरात्रात आम्ही तालमीतली पोरं डोंगरावरच्या देवीची ज्योत घेऊन गावाकडं अनवाणी पळत निघालो होतो. ज्योत खाली ठेवायची नाही, हातात असताना थांबायचं नाही, हा नेम.

राहुरीच्या अलीकडं मुळा नदीच्या काठी पोलिसानं अडवलं. धरणाचे दरवाजे उघडणार होते, पलीकडं कुणालाच सोडत नव्हते. नेम मोडू नये म्हणून आम्ही खुळ्यासारखे काठावरच्या देवळाभोवती पळत राहिलो. नदीकाठची घरं सोडून आलेली माणसं त्याच देवळाच्या ओवरीत भिजून बसली होती. त्यांच्या काड्यापेट्यांचा लगदा झाला होता. एक म्हातारी चुलीसाठी विस्तव मागायला आली.

आमचे वस्ताद खेकसले, "देवीची ज्योत हाय ही. चुलीला न्हाई मिळायची."

"लेकरं उपाशी हायेत, बाबा. देवीला कळत न्हाई व्हय?"

 वस्तादांनी स्वतःच ज्योत तिच्या काटक्यांपुढं धरली.

दुपारी जोराची सर आली आणि ज्योत विझली. ओवरीत तीन दगडांची चूल मात्र पेटलेलीच होती. वस्तादांनी विझलेला पलिता तिच्या जाळात धरला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. म्हातारीच्या घराच्या जागी नुसता गाळ उरला होता.

आम्ही गावात पोचलो तेव्हा घट बसून गेले होते. पुजाऱ्यानं दारातच विचारलं, "वाटेत विझली तर न्हाई ना?"

"विझली हुती," वस्ताद म्हणाले. "जिचं घर वाहून गेलं, तिच्या चुलीवरनं आनलीय."