वहिनींच्या हातची पुडी

त्या गुरुवारी दुपारी दीड वाजता नीरजाताईंनी दवाखान्याचं दार ढकललं आणि टेबलाकडे बघून त्यांच्या पाचावर धारण बसली. टेबलावर डायबेटिसच्या गोळ्यांचा डबा उघडा पडलेला. शेजारी बीपीच्या गोळ्यांचा डबा, कालच आलेला, त्याचं सील अजून तसंच. आणि दोन डब्यांच्या मधे एकच केसपेपर. गोदूबाई, बीपी एकशे साठ, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात, 'नेहमीच्याच गोळ्या, पंधरा दिवस.'

गोदूबाईंना डायबेटिस नव्हता. त्यांच्या नेहमीच्या गोळ्या बीपीच्या, आणि तो डबा तर फोडलाच नव्हता. मग पुडीत गेलं काय, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

डॉक्टर आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते. नीरजाताईंनी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "अहो, आज कोणी आलेलं का?"

"छे गं. तू कल्याणला जाताना 'बंद'ची पाटी लावून गेलीस ना? कोण येणार?"

त्यांनी सकाळी बाहेर लावलेली पाटी आता खिळ्याला आतल्या बाजूला लटकत होती.

आता ही पाटीची भानगड सांगायला हवी. डॉक्टर रवींद्र साखळकर संगमेश्वराकडचे. चौतीस वर्षांपूर्वी बाळकुमला दवाखाना टाकला तेव्हा इथे टॉवर नव्हते, शेतं होती आणि पलीकडे खाडी. स्कूटरला पिशवी अडकवून हा माणूस चिखलातून घरोघर जायचा. बाळंतीण अडली, जा. म्हाताऱ्याचा दम वाढला, जा. लोक चिंबोऱ्या आणून द्यायचे, आणि हे शुद्ध शाकाहारी! त्या जिवंत चिंबोऱ्या शेजारच्या घरी पोचवताना नीरजाताईंची जी तारांबळ उडायची, ती बघून डॉक्टर पोट धरून हसायचे. घरी मात्र त्यांची डॉक्टरकी उंबऱ्याबाहेर. लेकीच्या, सोनलच्या, दोन वेण्या रोज तेच घालायचे, आणि भांग वाकडा आला की परत सोडून नव्याने. पोरीला शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण भांग सरळ हवा! असला हट्टी बाप.

नीरजाताई दवाखान्यात पुड्या बांधायच्या. कागदाचा चौकोन, मधे गोळ्या, तीन घड्या, आणि शेवटचं टोक आत खुपसून त्याला नखाने एक दुमड. ती पुडी दप्तरात टाका, कमरेला खोचा, सुटायची नाही. गावात तिला 'वहिनींची घडी' म्हणायचे. डॉक्टरांनी बांधलेली पुडी म्हणजे निव्वळ बोळा. त्यावरून बायका त्यांना तोंडावर हसायच्या.

मग यंदाच्या दिवाळीत, अभ्यंगाला बसताना डॉक्टर म्हणाले, "दादाला फोन लाव गं, कधी पोचतोय विचार." दादांना, त्यांच्या थोरल्या भावाला, जाऊन अकरा वर्षं झाली होती. नीरजाताईंच्या हातातली उटण्याची वाटी तिथेच थबकली. त्या दिवसापासून त्या प्रत्येक पुडीतली गोळी केसपेपरशी ताडून बघायला लागल्या. दोनदा चूक सापडली, दोनदा गुपचूप बदलली. सोनलला सांगितलं नाही. डॉक्टरांना तर नाहीच. ज्या माणसाचा जीवच त्या खुर्चीत, त्याला कोणत्या तोंडाने म्हणणार, की आता उठा? रोज संध्याकाळी, आज निभावलं, असं म्हणून त्या देवापुढे दिवा लावायच्या. भाचीचं, शिवानीचं, कल्याणला डोहाळजेवण, नाही म्हणता येईना. म्हणून पाटी. आणि एका सकाळीत हे होऊन बसलं.

गोदूबाई बाळकुमच्याच, पण आता लेकीकडे राहायच्या, शीळफाट्याच्या पुढे. डॉक्टर मात्र हेच! गोदूबाईंच्या मोबाइलला रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. लेक कामावर, तिचा नंबर कोणाकडे असणार? शिवाय मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणजे बाईंना उपास. गोळी त्या चारच्या चहाबरोबर घ्यायच्या. उपाशी पोटी, सत्तरी उलटलेली बाई, आणि साखर उतरवणारी गोळी. घाम फुटेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल, नि घरात एकटी. पुढचं नीरजाताईंच्याने मनात आणवेना.

"जरा जाऊन येते," एवढंच बोलून त्यांनी बाहेरून कडी घातली. लग्नाच्या नवऱ्याला कोंडून त्या रिक्षा गाठायला निघाल्या.

रिक्षा मुंब्रा बायपासला लागेपर्यंत ठीक होती. पुढे कंटेनरच्या रांगेत अशी अडकली की हलेना. तीन वाजले. सव्वातीन. नीरजाताई पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या, आणि मधेच त्यांना वाटे, डॉक्टरांनी आत गॅस लावला तर? कडी काढायला कोणाला सांगावं तर लोक विचारणार, का कोंडलंत?

"काकी, पाणी पिता का?" रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं. "तब्येत बरी नाय वाटत तुमची."

"मला काही झालेलं नाही रे. तू फक्त पुढे काढ बाबा, तुझ्या पाया पडते."

शीळफाट्याला चार वाजून गेले. जे व्हायचं ते आता झालं असणार. गल्लीत रिक्षा जाईना, तशा त्या उतरून डोहाळजेवणाच्या भारी साडीत धावत सुटल्या. दार उघडंच होतं. गोदूबाई भिंतीला टेकून, मान एका बाजूला टाकून, डोळे मिटून.

"गोदूबाई!" नीरजाताई किंचाळल्याच.

गोदूबाई दचकून जाग्या झाल्या. "आगं बाय! वयनी, तुमी? जरा डोला लागला, तं केवऱ्यानं वरडता!"

"पुडी... ती सकाळची पुडी... घेतलीत?"

"नाय. कशी घेईन?" गोदूबाईंनी कमरेची पुडी काढून पुढे धरली. बोळा. "ही काय तुमची घडी हाय? डाक्टरनी सांगलंय ना मना, वयनीची घडी नसल तं पुडी उघडायची नाय. मी सोता दिली तरी नाय."

"कधी सांगितलं?"

"गणपतीत. मना एकटीला नाय, सगल्यांना. अन् वयनीला बोलू नका बोलला, ती घाबरंल."

नीरजाताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. गोदूबाई उठल्या, आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला.

परत येऊन दवाखान्याची कडी काढली तेव्हा डॉक्टर त्यांच्या खुर्चीत बसले होते. केसपेपर हातात. नीरजाताईंनी चुरगळलेली पुडी टेबलावर ठेवली.

"माझी आहे," ते म्हणाले. "तुला कधी कळलं?"

"दिवाळीत."

"मला गणपतीत. ढोकाळी नाक्यावर स्कूटर थांबवली, आणि घर कुठल्या हाताला तेच आठवेना. अर्धा तास उभा होतो."

"मग बोलला का नाहीत हो?"

"तू का नाही बोललीस?" ते हसायला गेले, पण जमलं नाही. "नीरजा, मला फार भीती वाटते गं."

"मलाही," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांनी मिळून पाटी बाहेर लावली, आणि मग काढली नाही.

त्यानंतर दोन वर्षं. आधी माणसांची नावं गेली, मग माणसं. सोनल डोंबिवलीहून येऊन बसायची, तिला ते "कोण पाहिजे?" विचारायचे. ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. औषध तर कोणाच्याच हातून घेत नसत. नर्स ठेवली, तिने हातावर गोळी धरली की दात घट्ट, डोळ्यांत नुसती भीती. लाडीगोडी केली, रागावून पाहिलं, उपयोग शून्य.

शेवटी नीरजाताईंनी कागदाचा चौकोन फाडला. मधे गोळी, तीन घड्या, टोक आत खुपसून नखाने दुमड. पुडी त्यांच्या तळहातावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटीसुलटी केली, दुमडीवरून अंगठा फिरवला, आणि तोंड उघडलं.

नीरजाताईंना ते तेव्हा सिस्टर म्हणायचे. शेवटपर्यंत सिस्टरच म्हणाले. पण जाईपर्यंत प्रत्येक गोळी त्यांनी घडी तपासूनच घेतली.