बेलीझची वकिलात, मुक्काम मखमलाबाद

मखमलाबादच्या भारत काकडला फूलबाजारात सगळे ‘बेलीझ’ म्हणतात. चिडवायलाच म्हणतात, पण गडी चिडेल तर शपथ! उलट मिशीतल्या मिशीत हसतो. आता झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या, उभ्या आयुष्यात सप्तशृंगगडाच्या पलीकडे न गेलेल्या माणसाला हे नाव चिकटलं कुठून, ते ऐकण्यासारखं आहे.

त्याची लेक भाग्यश्री राज्यशास्त्रात एम. ए. करत होती. कॉलेजात प्रत्येकाला एकेक देश वाटून दिला. कुणाला जपान मिळाला, कुणाला फ्रान्स, आणि हिच्या वाट्याला आला बेलीझ. मध्य अमेरिकेतला एवढासा देश. त्याचं इतर देशांशी कसं जमतं, कुणाशी बिनसतं, यावर तोंडी परीक्षा होती. पोरगी हिरमुसली, पण करते काय! संध्याकाळी घरात हार ओवायला बसले की ती मोठ्यानं पाठ करायची आणि भारत ओवता ओवता ऐकायचा.

“विस्तार आपल्या नाशिक जिल्ह्याच्या दीडपट, माणसं मात्र नाशिक शहराच्या पाव. शेजारी ग्वाटेमाला. तो म्हणतो, बेलीझची निम्मी जमीन आमची आहे.”

भारतची सुई थांबली. “निम्मी? आणि हे कव्हापासून चाललंय?”

“शे-दीडशे वर्षांपासून.”

“आयला! म्हंजे हा ग्वाटेमाला आमच्या दादासारखाच निघाला की!”

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, बहिरू. वाटणी झाल्यावर दोघांच्या वावरांमध्ये एकच बांध राहिला होता. थोरल्यानं नांगरता नांगरता तो हातभर कोरला, असं धाकट्याचं म्हणणं, आणि धाकट्यानंच आधी कोरला, असं थोरल्याचं. आपल्याकडची ही जुनीच खोड. जमीन जाते हातभर आणि भाऊ जातो अख्खा, पण सांगायचं कुणाला? मोजणी झाली, अपील झालं, तारखा पडत राहिल्या आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

तेव्हापासून बेलीझ हा भारतचा सख्खा देश झाला. बाजारात फुलांची क्रेट उतरवता उतरवता तो व्यापाऱ्याला सांगायचा, “आमचं तैवानशी जमतं बरं का, म्हणून चीनशी नाय. एकाच्या पंगतीला बसलं की दुसरा रुसतो.” लोकांना आयतंच सापडलं. भारत झाला ‘बेलीझ’ आणि ओघानंच बहिरू झाला ‘ग्वाटेमाला’. तो मात्र जाम भडकायचा. “मी कुणाचं काय घोडं मारलंय रे, मला ग्वाटेमाला म्हणता?”

भाग्यश्री परीक्षेत चांगली पास झाली आणि तिचं लग्नही ठरलं. स्थळ ओझरचं, मुलगा विमानांच्या कारखान्यात. पत्रिका छापून आल्या तशी ती म्हणाली, “पप्पा, देवाची पत्रिका झाली की पहिली मोठ्या पप्पांना. आणि तुम्ही स्वतः द्यायची. ते नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही.”

भारतचा जीव टांगणीला लागला. खरं सांगायचं तर त्यालाही भाऊ हवाच होता. ही पोरगी चालायला शिकली तीच बहिरूचं बोट धरून. त्याच्याशिवाय मांडव म्हणजे काय मांडव! पण त्याच्या उंबऱ्याला पाय लागला की गाव म्हणणार, भारत नमला, बांध सोडला. हीच एक धास्ती त्याच्या मनात घर करून बसली होती.

“बेलीझ गेला का कधी ग्वाटेमालाच्या दारात?” तो तावातावानं म्हणाला. “नाय ना? मग मी कशाला जाऊ?”

“रोज जातो, पप्पा. ग्वाटेमालात त्यांची वकिलात आहे.”

“मग! वकीलच दिलाय ना त्यांनी? माझा पण हाय की वकील!”

भाग्यश्रीला हसू आवरेना. “अहो पप्पा, वकिलात म्हणजे वकिलाचं ऑफिस नव्हे! दुसऱ्याच्या देशात आपलं घर, आपला झेंडा लावून. आपली माणसं तिथं राहतात, बोलतात, चहापाणी करतात. ग्वाटेमालाचीही आहे बेलीझमध्ये.”

“आणि जमिनीची केस?”

“ती हेगला, जागतिक न्यायालयात. दोन्हीकडच्या लोकांनी मतदान करून ठरवलं, केस तिकडं न्यायची. तोवर येणं-जाणं, व्यापार, सगळं चालू.”

“केस पण चालू आणि चहा पण चालू?” भारतनं आ वासला. “मग हे आधी का नाय सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तुम्ही भांडणाचंच तेवढं ऐकलंत.”

शेजारी हार ओवत बसलेली त्याची बायको कुसाबाई आता पदर तोंडाला लावून हसायला लागली. “आपली वकिलात तर केव्हाची उघडी हाय. माझी वाटी जाऊबाईंकडं जाते, त्यांची इकडं येते. काल जिच्यावर जास्तीची भाकरी खाल्ली, ती तिळाची चटणी कुणाची वाटली तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ धुतलेला सदरा घालून भारत पत्रिका घेऊन निघाला. बहिरू ओट्यावर बसला होता. भावाला पाहून त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं, मग करड्या आवाजात विचारलं, “केस मागं घ्यायला आलास?”

“नाय. केस लढणार. पार शेवटपर्यंत.”

“मग कशाला आलास?”

“वकिलात उघडायला.”

“म्हंजे रे काय?”

“म्हंजे...” भारत ओट्याच्या कडेला टेकला. “चहा पाजशील का, दादा?”

बहिरूनं जरा सरकून त्याला जागा करून दिली. मग मान वळवून घरात हाक मारली, “अगं ए, भारत आलाय. साखर जरा जास्त टाक, त्याला गोड लागतो.” भारतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पत्रिका द्यायची राहून गेली, ती चहा संपल्यावर दिली.

लग्नात मांडवाच्या तोंडाशी फेटा बांधून, पाहुण्यांना हात जोडत उभा होता तो बहिरूच. फूलबाजारातल्या एकानं खोडी काढलीच, “काय ग्वाटेमाला, बांध सोडला म्हणायचा का?”

“बांध कशाला सोडीन?” बहिरू गरजला. “पुढच्या महिन्यात तारीख हाय. आम्ही दोघं एकाच गाडीवर जाणार, आणि तिथं कचकून भांडणार. बांध कुणाचा ते साहेब ठरवतील. पोरगी दोघांची हाय, तिच्यावर कुणाचं अपील चालत नाय!”