भांडं कोणी धुतलं

ईरा, निहार,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता सांगते आहे, कारण गेल्या आठवड्यात ईराने माझा जुना शोधनिबंध कुठून तरी शोधून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं — आमची आजी शास्त्रज्ञ! सगळ्यांनी कौतुक केलं. मी फोन पालथा ठेवला.

तो निबंध खोटा आहे. म्हणजे — थांबा, नीट सांगते.

वायू आणि पाणी मोठ्या दाबाखाली गार केले की बर्फासारखा पदार्थ होतो, गॅस हायड्रेट. पाण्याचे रेणू पिंजरा बांधतात, वायू आत अडकतो. वायू साठवायला उपयोगी. पण पिंजरा बांधायला पाणी फार वेळ घेतं. साबणासारखं काही मिसळलं की काम भराभर होतं. त्या रसायनाऐवजी रिठ्याचा अर्क चालेल का, हे माझी विद्यार्थिनी सुनंदा पाहत होती. शिंदखेड्याकडच्या शेतकरी घरातली, घरात इतकं शिकलेली पहिलीच.

जळगावच्या आमच्या कॉलेजात तांब्याच्या आकाराचं, जाड स्टीलचं भांडं होतं. नुसत्या पाण्याला त्यात अख्खा दिवस लागला. रिठ्याने पहिल्यांदा फरक पडला नाही — आमचंच काही चुकलं असेल, म्हटलं. नंतर मात्र दरवेळी तासाभरात! किती हरखलो होतो आम्ही.

सुनंदा संध्याकाळी धुळ्याची एसटी गाठायला निघे. मागे भांडं मी धूत असे. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, काही खरकटं ठेवून मला घरी जाववत नाही. डिस्टिल्ड वॉटरनेच विसळायचं, हा नियम माझाच. पण रिठ्याचा चिकटपणा त्याने जाईना, म्हणून मी कपडे धुण्याची पावडर घेई. उन्हाळा, नळाला पाणी नाही — मग दोन मगांत विसळून मोकळी.

निबंध छापून आला. पुढे सुनंदा भावाच्या लग्नाला गेली असताना मी सहज त्या भांड्यात नुसतं पाणी लावलं. तेही तासाभरात गोठलं. भांडं उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा साफ केलं, आणि परत दिवस लागला. रिठ्याने काहीच केलं नव्हतं. केलं होतं सांदीत राहिलेल्या माझ्या साबणाने.

तेव्हाच बोलले असते तर? चूकच होती ती, गुन्हा नव्हता. मी बोलले नाही.

सुनंदाने पीएच.डी.चा प्रबंध दिला. बाहेरच्या परीक्षकांनी आपल्या प्रयोगशाळेत प्रयोग करून पाहिला, जमला नाही. चौकशी बसली. एकाने विचारलं, “भांडं कोण धुवायचं?”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी आपलं भांडं धुतलं, हे चारचौघांत सांगणं तिला कसं जमावं?

“मीच, सर. डिस्टिल्ड वॉटरने.”

ती माझा मान राखत होती. त्या एका वाक्याने आपण काय गमावतो आहोत, हे तिला ठाऊकच नव्हतं. मला होतं. मी समोरच्या चहाच्या कपाकडे बघत राहिले.

भांडं स्वच्छ होतं, म्हणजे आकडेच बनवलेले — असा ठपका तिच्यावर आला. पदवी गेली. निबंध मागे घ्यायचं कोणी काढलं नाही. कॉलेजलाही बोभाटा नको होता. आणि मी? विद्यार्थिनीवर विसंबून फसलेली बिचारी.

इथे थांबता आलं असतं. पण याहून वाईट पुढे आहे.

बाहेर व्हरांड्यात तिचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. माझ्या वयाचे. म्हणाले, “मॅडम, तुम्हीच सांगा. मनी पोर लबाड शे का?”

आपली पोर लबाड आहे का, हेच ते विचारत होते. एक शब्द पुरला असता. नाही — एवढाच.

मी म्हणाले, “आबा, तिने जरा घाई केली असेल.”

त्यांनी मान खाली घातली. पोरीशी ते बरेच महिने बोलले नाहीत, असं नंतर कानावर आलं. आता ते नाहीत.

भीती वाटली, नाव जाईल वाटलं — ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा दिली. तुम्हाला देत नाही.

सुनंदा आता चोपड्याला शिकवण्या घेते. दर दिवाळीला तिचा फोन येतो. “त्या दिवशी सगळे माझ्यावर उलटले, तुम्ही तेवढ्या काही बोलला नाहीत, मॅडम,” म्हणते.

तिचा माझ्यावरचा विश्वास अजून शाबूत आहे.