समोर कुणीच नसताना

पहाटे फिरायला निघालो की नांदेडच्या आमच्या भागातल्या कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानावर एक मुलगी दिसायची. गोदावरीवरून आलेलं धुकं जाळीपर्यंत चढलेलं असायचं आणि त्यात ही एकटीच, गुडघ्यात वाकून, हात पसरून, डावीकडे उजवीकडे सरकत असायची. हातात बॉल नसायचा. समोरही कुणी नसायचं. मधेच थबकून ती समोरच्या हवेकडे रोखून बघायची आणि पुन्हा सरकायची. वॉचमन म्हणायचा, ती मुदखेडहून पहिल्या गाडीनं येते. बॉलच्या खोलीचं कुलूप मात्र सर आल्यावरच उघडतं.

एकदा ती नळावर पाणी प्यायला आली तेव्हा मी विचारलं, "बिनबॉलचं काय खेळून राहिलीस गं?"

"बॉल टाकणाऱ्या लई हायत, काका," बाहीनं कपाळ पुसत ती म्हणाली. "अडवायला कुणी तयार न्हाई. सरांनी मला उतरवलं, तर त्याच्यासाठीच उतरवतील."

तोवरचे सगळे सामने तिनं बाकावरूनच पाहिले होते.

लातूरचा संघ आला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. त्यांची एक उंच मुलगी कुणालाच आवरत नव्हती. सामना संपत आला तेव्हा सरांनी मागं न बघताच बाकाकडे हात केला, आणि ही उठली.

शेवटपर्यंत हिच्या हाताला बॉल लागला नाही. तसेच वाकलेले गुडघे, तसेच पसरलेले हात. ती उंच मुलगी बॉल धरून वाट शोधत राहिली.

रोज पहाटे धुक्यात ही जिला अडवायची, ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.