कुरणावरची सतरंजी

मोकळी जमीन दिसली की सतरंजी अंथरायची, हे आमच्या घराण्याचं वळण. इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलहून बायकोबरोबर डेअरी फार्मवर दूध आणायला गेलो, तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हात मी ती नेमकी नव्यानं बी पेरलेल्या कुरणावर अंथरली. वर बसलोही.

फार्मवाला आला. माझ्याच वयाचा, पण पोट नसलेला. तो ओरडला असता तर बायको माझी बाजू घेऊन भांडली असती. त्यानं मात्र झोपलेल्या बाळाचं पांघरूण काढावं तशी सतरंजी उचलली आणि गुडघे टेकून दबलेले कोंब बोटांनी उभे करू लागला. बायकोही शेजारी बसली. आमच्या लॉनकडे कधी ढुंकून पाहत नाही!

"गायी कधी सोडणार इथे?" तिनं विचारलं.

त्यानं एक पातं चिमटीत धरून हलकेच ओढलं. ते मुळासकट हातात आलं.

"इतक्यात नाही. ओढून हललं नाही, की समजायचं, राहायला आलं."

मग तिनं एक ओढून पाहिलं, मग त्यानं. दोन डोकी गवतावर वाकलेली आणि मी सतरंजीची घडी घालतोय. मला त्या गवताचासुद्धा हेवा वाटला. फार्मवाल्याचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही.

गाडीत शेवटी बोललोच, "तिथेच राहायचं होतंस की!"

तिनं माझे उरलेसुरले केस चिमटीत धरून ओढले.

"आई गं!"

"घट्ट आहेत रे," ती म्हणाली. "म्हणजे तू राहायलाच आलायस."