वाढत्या अंगाचं पुस्तक

ते आधी मुलाकडे डोक्यापासून पायापर्यंत बघायचे. मग गळ्यातली टेप उगाचच दोन्ही हातांत ताणायचे आणि म्हणायचे, "स्वल्प मोठंच देतो, अक्का. वाढत्या अंगाचं आहे."

हे फ्रॉकविषयी चाललंय असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. आमची शुभा तेव्हा पाच वर्षांची होती आणि शाळेच्या युनिफॉर्मचं माप द्यायला मी तिला बेंगळुरातल्या चिकपेठच्या गल्लीतल्या त्यांच्या दुकानात नेलं होतं. माप कधीच घेऊन झालं होतं. हे गृहस्थ मशीनमागच्या फळीवरून एक मराठी पुस्तक काढून तिच्या हातात देत होते. पुस्तकाला निळ्या पट्ट्यांच्या कापडाचं कव्हर शिवलेलं होतं. कोणाच्या तरी लेंग्याचं उरलेलं कापड आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना.

"पोरगी अंधाराला भिते काय?" त्यांनी विचारलं.

"भिते."

"गोष्ट सांगताना मध्येच प्रश्न विचारते?"

"फार विचारते."

"जेवायला कुणाशेजारी बसते?"

आता याचा पुस्तकाशी काय संबंध? मी म्हटलं, "वडिलांच्या."

"मग त्यांना सांगा वाचून दाखवायला. पोरं शेजारी बसणाऱ्याचंच ऐकतात."

शुभाचे वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर. घरी आले की ड्रॉइंगचे कागद पसरून बसायचे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कव्हरची शिलाई बघितली, "काम सफाईदार आहे" म्हणाले आणि ते रेडिओवर ठेवून दिलं.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. स्वतःचं काम सोडून दुसऱ्यांच्या मुलांच्या मागे लागणारा. आपण त्याला 'भला माणूस' म्हणतो आणि तो येताना दिसला की आत जाऊन बसतो. आमच्या वसाहतीत मुलं यांना 'टेलरअज्जा', म्हणजे टेलरआजोबा, म्हणत, आणि मुलांचं ऐकून आम्हीही.

वसाहतीतल्या मराठी घरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं आणि त्यासाठी एक खोली घेतली होती. गणपती तिथे बसायचा, हळदीकुंकू तिथे व्हायचं. खोलीत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्या कपाटाची किल्ली टेलरअज्जांकडे होती, कारण दुसरं कोणी ती घ्यायला तयार नव्हतं. दर रविवारी सकाळी ते बसने यायचे. एका पिशवीत शिवलेले कपडे, दुसरीत पुस्तकं. आधी घरोघरी कपडे द्यायचे, मग प्रत्येक घराला त्या घराच्या मापाचं पुस्तक.

त्यांची शिफारस ऐकण्यासारखी असायची. दोन भाऊ सतत भांडायचे, त्यांना त्यांनी एकच जाड पुस्तक दिलं आणि सांगितलं, "एकाने वाचायचं, दुसऱ्याने पान उलटायचं. उद्या उलट." नव्याने लग्न होऊन आलेली एक मुलगी माहेरच्या आठवणीने रडायची, तिला विनोदी पुस्तक दिलं आणि बजावलं, "नवऱ्यासमोर वाचू नका हं. हसलात तर तो विचारील, मग त्याला पण वाचून दाखवावं लागेल." तिने अर्थातच नवऱ्यासमोर वाचलं. त्या पुस्तकाच्या यशावर टेलरअज्जा दोन वर्षं खूश होते.

पुस्तक न वाचता परत आलं तरी त्यांनी कधी कोणाला बोल लावला नाही. "पुस्तक चुकलं की हो," म्हणायचे. "पोरगं नाही चुकलं. शर्ट बसला नाही म्हणून कोणी पोराला रागावतं काय?" आणि दुसरं पुस्तक काढायचे.

त्यांच्या बोलण्याला आम्ही गालातल्या गालात हसायचो, हे कबूल करते. आम्ही पुण्या-साताऱ्याकडून आलेले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात. 'बरं'ला 'सरी' आणि 'थोडं'ला 'स्वल्प' म्हणणारी त्यांची मराठी आम्हाला गमतीची वाटायची. एकदा मी सहज म्हणाले, "आमच्या मुलांच्या मराठीची काळजी नको अज्जा, घरी बोलतो ना आम्ही."

ते काज शिवत होते. सुई थांबवून म्हणाले, "तुम्ही काल आलात अक्का. आमचे पणजे पण कालच आले होते."

मग त्यांनी पोथीची गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी लाल कापडात बांधलेली एक पोथी होती. दर दसऱ्याला कात्री, मशीन, गज यांच्याबरोबर तिलाही पाटावर ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे, फूल ठेवायचे. घरात सगळे मराठी बोलत, पण शाळा कन्नड. पोथी वाचता येणारं कोणी उरलं नव्हतं, आणि देवाचं आहे म्हणून उघडायचीही नाही. चाळिशी उलटल्यावर यांच्या मनाने घेतलं. विठ्ठलाच्या देवळात उतरलेल्या एका कीर्तनकाराकडून हे बाळबोध अक्षरं शिकले. दुकान बंद केल्यावर रोज एक तास, एक वर्षभर. मग आंघोळ करून, सोवळं नेसून पोथी उघडली.

"काय निघालं?" मी विचारलं.

"गोष्टी की हो! कोल्ह्याच्या, माकडाच्या, एका लबाड न्हाव्याची एक. पणज्यांनी हाताने लिहिलेल्या. आणि पहिल्या पानावर काय? 'मुलांस वाचावयास.' तेवढंच." ते हसले, पण डोळे पुसले. "तीन पिढ्या आम्ही कुंकू वाहिलं, अक्का. पोरांसाठी होतं ते. एका पोराने वाचलं नाही."

त्यांची स्वतःची मुलं तोवर मोठी झाली होती. नातवंडं त्यांच्याशी कन्नडात बोलायची. "गुणी आहेत पोरं," म्हणायचे, "पण माझ्यानंतर ती पोथी वाचणारं कोणी नाही." आपल्या घरात जे हातातून गेलं ते आमच्या घरांत तरी राहावं, यासाठी तो माणूस दर रविवारी बसचे धक्के खात यायचा. हे मला कळलं होतं. कळूनही मी जे केलं ते आता सांगते.

पुस्तकांत दोरा असायचा. साधा पांढरा शिवणाचा दोरा, वीतभर, विसाव्या-पंचविसाव्या पानात आडवा ठेवलेला. पहिल्यांदा मला वाटलं दुकानातून आला असेल. पुढच्या पुस्तकातही निघाला, त्याच्या पुढच्यातही. मग डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक वाचलं तर दोरा पडणार किंवा सरकणार. जसाच्या तसा परत आला, तर पुस्तक उघडलंच नाही. पुस्तक परत घेताना ते बोटाने एक पान उघडून बघायचे आणि "पुस्तक चुकलं की" म्हणायचे, ते यावरून.

हळदीकुंकवाला मी ही गंमत बायकांना सांगितली. हसून हसून पुरेवाट झाली. सगळ्यांचीच मुलं कॉन्व्हेंटमध्ये, अभ्यास इंग्रजीचा, शिवाय कन्नड, पुढे हिंदी. मराठी वाचायला कोणाला वेळ होता? पण म्हाताऱ्याचा चेहरा पडतो तो बघवत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि मीच सुचवलं की आपण दोरा सरकवायचा. शनिवारी संध्याकाळी पुस्तक घ्यायचं, दोरा काढून शेवटाकडच्या पानात ठेवायचा. याला आम्ही दया म्हणत होतो.

टेलरअज्जा बदलले. आधी त्यांचा विश्वास बसेना. एकामागून एक घरातले दोरे पुढे सरकलेले! ते लवकरच्या बसने यायला लागले. कव्हरांना चिंध्यांऐवजी नवं कापड आलं, मुलींच्या पुस्तकांना लेसची किनार. आता ते अख्ख्या घरासाठी शिफारस करू लागले. "हे गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसून वाचायचं. आधी अण्णांनी, मग अक्कांनी, शेवटचं पान पुट्टीने." शुभाला ते पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणत. तिच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, "आमच्यात नाही झालं ते तुमच्यात होतंय. मी आता सुखाने डोळे मिटीन." मी चहा आणायला आत गेले. मला तेव्हा शरम वाटली होती, पण पुढच्या शनिवारी मी दोरा पुन्हा सरकवला.

दोनेक वर्षं हे असंच चाललं. मग एका रविवारी मंडळाची सभा भरली. तरुण मंडळींना टेबल टेनिसचं टेबल हवं होतं आणि खोलीत जागा नव्हती. कपाट व्हरांड्यात काढावं असं अध्यक्षांनी सुचवलं. माणूस वाईट नव्हता. "पुस्तकं कोणी वाचतं का आता?" एवढंच त्यांनी विचारलं.

टेलरअज्जा सभेत कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी उभे राहिले. "वाचतात की! सगळी पोरं वाचतात. माझ्याकडे पुरावा आहे," म्हणाले आणि खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. मग त्यांनी आपलं गुपित सगळ्यांसमोर फोडलं. दोरा कुठे ठेवतो, कसा बघतो, कोणत्या घरातला किती पुढे गेला. घराघराचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. ते इतके आनंदात होते की कोणी त्यांच्याकडे बघत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बायका पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"हिला विचारा," ते म्हणाले आणि शुभाला पुढे घेतलं. "हिचा दोरा सगळ्यांच्या पुढे. सांग पुट्टी, कुठलं पुस्तक आवडलं?"

शुभा आठ वर्षांची झाली होती. तिला खोटं बोलायला मी अजून शिकवलं नव्हतं.

"आमच्याकडे दोरा आई सरकवते," ती म्हणाली.

मागून दुसरं कोणीतरी मूल ओरडलं, "आमच्याकडे पण!" मुलांना हा खेळच वाटला. दोन-तीन मुलांनी हात वर केले.

टेलरअज्जांनी रीळ मुठीत धरलं. मग वाकून शुभाला विचारलं, "तुला नको होतं काय गं पुस्तक?"

"मला मराठी वाचता येत नाही, अज्जा."

"सरी," ते म्हणाले. "सरी, पुट्टी." त्यांनी तिचा फ्रॉक खांद्यावर जरा सरळ केला. मला वाटलं, आता 'पुस्तक चुकलं' म्हणतील. मी त्या शब्दांची अक्षरशः वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. रीळ खिशात टाकलं, किल्ली अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि चप्पल घालून निघून गेले. ठराव एकमताने मंजूर झाला. पावसाळ्यात व्हरांड्यातल्या कपाटाला वाळवी लागली.

त्यानंतर ते एकदाच आले, दसऱ्याच्या आठवडाभर आधी. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघेना. त्यांनी तो निघण्याची वाटही बघितली नाही. शुभाच्या हातात लाल कापडात बांधलेलं काहीतरी ठेवलं. टेप गळ्यात नव्हती, तरी डोक्यापासून पायापर्यंत तिला बघितलं.

"स्वल्प मोठं आहे," म्हणाले. "वाढत्या अंगाचं."

"अज्जा, ही तर तुमची पोथी," मी म्हटलं.

"घरी कुंकवाखाली ठेवून काय करू, अक्का? तुम्हाला वाचता येतं. तुम्ही वाचून दाखवा."

ते गेल्यावर मी पोथी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. दोरा कुठेच नव्हता. शुभा मांडीशी येऊन बसली आणि म्हणाली, "वाच ना." मी म्हटलं, "उद्या." कूकर लावायचा होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पाहुणे आले. मग तिची परीक्षा आली. जानेवारीत तिचा नवा युनिफॉर्म शिवायला चिकपेठला गेले तर दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या बटणवाल्याने सांगितलं की अज्जांना जाऊन महिना झाला.

घरी आले आणि पोथी कपाटातल्या इतर पुस्तकांत राहू देणं माझ्याच्याने झालं नाही. तिच्यावर तीन पिढ्यांचं कुंकू होतं, आणि आता तो माणूसही नव्हता. मी ती देव्हाऱ्यात ठेवली.

ती आजही तिथेच आहे. शुभा आता संसाराला लागली आहे, इथेच राहते, आणि दसऱ्याला न चुकता येऊन पूजा करते. लाल कापड विरलं तेव्हा तिनेच नवं आणलं. गेल्या दसऱ्याला तिची लेक पाटाशी बसली होती. तिने पोथीची गाठ सोडायला हात घातला आणि विचारलं, "यात काय आहे?"

"हात नको लावूस," शुभा म्हणाली. "देवाचं आहे ते."

मी शेजारीच बसले होते. मला वाचता येत होतं. मी हळदकुंकवाची वाटी पुढे केली.